घोड्याची घडणावळ

दाजींनी रिव्हॉल्व्हर पेढ्यांच्या काट्यावर ठेवलं, तेव्हा आक्का स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "आधी खाली कागद टाका. काट्याला तेल लागंल."

काटा आक्काचाच. रांजणगावात महागणपतीच्या वाटेवर तिच्या जावेचं पेढ्यांचं दुकान आहे आणि अंगारकीच्या आदल्या रात्री पाव-पाव किलोचे पुडे आक्काच्या घरी भरले जातात. दाजींनी सहाही काडतुसं काढून खाटेवर ओळीत मांडली, काट्यावर वर्तमानपत्राचा तुकडा टाकला आणि त्यावर ते काळं धूड अलगद ठेवलं. सातशे ग्रॅम आणि वर थोडं. मग कातडी म्यान ठेवलं, काडतुसं ठेवली, आणि आकडा किलोच्या अंगाला जाऊन टेकला.

"बघा पाव्हणं," दाजी मला म्हणाले, "किलोभर लोखंड कमरंला बांधून हिंडतोय मी. आन् कुणाला पत्ता न्हाई."

मी पुण्याहून गेलो होतो तो अंगारकीच्या निमित्तानं, पण बोलावणं दुसऱ्याच कामाचं होतं. दाजींना रिव्हॉल्व्हर 'मॉडिफाय' करायचं होतं. त्यावर पैसे घालावेत की नाही, हे घरातल्या शिकलेल्या माणसानं सांगायचं होतं. माझं शिक्षण मराठी साहित्यात झालंय. पण आमच्याकडे शिकलेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस. सातबाऱ्यावरचा फेरफार, भाचीचं स्थळ, मोबाईलचा चार्जर, सगळ्यावर त्यानं मत द्यायचं असतं. रिव्हॉल्व्हर तेवढं राहिलं होतं.

ह्या लोखंडाचं मूळ जमिनीत आहे. नव्वदच्या दशकात रांजणगावला एमआयडीसी आली आणि जिथं बाजरीची कणसंसुद्धा ढगाकडं बघून भरायची, तिथं मोटारी, फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं पिकायला लागली. फियाट, एलजी, व्हर्लपूल ही नावं बांधावरच्या म्हाताऱ्यांना पाठ झाली. दाजींच्या आईला 'व्हर्लपूल' काही म्हणता यायचं नाही. ती 'हुरळपूर' म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला ते पंढरीच्या वाटेवरचं एखादं मुक्कामाचं गाव वाटायचं. जमीन गेली, पैसे आले, आणि पैशांपाठोपाठ वस्तू ज्या क्रमानं येतात त्या क्रमानं आल्या. आधी बोअर, मग बंगला, बंगल्यामागं कामगारांना भाड्यानं द्यायच्या चौदा खोल्या, मग पांढरी स्कॉर्पिओ, मग दाजींच्या गळ्यात पाच तोळ्यांची साखळी. साखळी आली म्हणून तिच्या राखणीला रिव्हॉल्व्हर. पहिला बोअर पाण्याचा, शेवटचा बत्तीसचा. आक्काचं म्हणणं असं, की साखळी कपाटात ठेवली असती तर रिव्हॉल्व्हरचे पैसे वाचले असते. हा हिशेब दाजींनी आजवर कधी खोडून काढलेला नाही. ते उठून गोठ्याकडं जातात.

परवाना काढणं हे एक वेगळंच प्रकरण होतं. इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं हिंदी माणूस आणि त्याचं शस्त्र यांच्यामध्ये परवान्याचं एक टेबल आणून ठेवलं. स्वतंत्र भारताचा 1959 चा कायदा आला. टेबल तिथंच राहिलं, खुर्चीतला माणूस बदलला. पुढं 2016 च्या नियमांनी त्या टेबलावर आणखी कागद ठेवले: शस्त्र चालवायला शिकल्याचा दाखला, ते कुलपात सांभाळून ठेवीन असं लिहून देणं, पोलिसांची चौकशी. माणूस गावात नीट वागतो का, भांडखोर आहे का, पितो का, सगळं विचारून झालं. "लग्नाच्या वेळी आपल्या दादांनी यांची एवढी चौकशी केली न्हवती," आक्का म्हणाली, आणि जरा थांबून, "करायला पायजे हुती."

अर्जात कारणापुढं 'स्वसंरक्षण' असं लिहायचं असतं. चौकशीला आलेल्या माणसानं विचारलं, कुणापासून? दाजींनी पहिलं नाव बिबट्याचं घेतलं. आता शिरूर-जुन्नरच्या उसात बिबट्या ही थट्टेची गोष्ट नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढं कुणी विनोद करू नये. पण बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात बसलेला आहे. म्हणजे दाजींना जे संरक्षण मिळायला दोन वर्षं लागली, ते त्याला जन्मतःच मिळालेलं असतं. तेव्हा कागदावर बिबट्या आला नाही, चोर आले.

आणि मग कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घरी आलं. हे घराणं मूळचं विलायती. वेब्लीच्या जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरवरून बेतलेलं. मधोमध मोडून उघडायचं, चक्रीत सहा काडतुसं भरायची, खट्‌कन मिटवायचं. दिसायला दणकट, वागायला जुन्या पिढीचं. चाप एवढा घट्ट की पहिल्या दिवशी दाजींना वाटलं गंज धरलाय. माणसांची भाषा मात्र गमतीची. शहरातले गुंड पिस्तुलाला 'घोडा' म्हणतात, पण खरा घोडा म्हणजे बंदुकीचा मागचा तो आपटणारा भाग. आमचा भाचा म्हणाला, "मामा, आपण घोडनदीकाठचे. आपल्याकडं घोडा असणारच." भाचा इंजिनिअरिंगला आहे. ही मॉडिफायची कल्पना त्याचीच.

ह्या पट्ट्यात मॉडिफाय न केलेली वस्तू दाखवा आणि पेढा मिळवा. थारची चाकं बदलतात, स्कॉर्पिओच्या काचा बदलतात, ट्रॅक्टरला एवढे स्पीकर लावतात की नांगरट हा जोडधंदा वाटावा. बुलेटचा मूळ आवाज गंभीर, एखाद्या जुन्या कीर्तनकारासारखा. तो काढून 'इंदोरी फटाका' सायलेन्सर बसवतात, मग पोलीस असले सायलेन्सर जमा करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, मग पोरं पुन्हा नवे आणतात. रोडरोलरवाल्याचा आणि सायलेन्सरवाल्याचा, दोघांचाही संसार चालतो. बैलगाड्याच्या शर्यतीवरची बंदी उठल्यापासून तर बैलांचं कौतुक काही विचारू नका. पोळ्याला शिंगं रंगवायची, शेंब्या घालायच्या, झूल चढवायची. पण बैलाचं एक बरं असतं. त्याला नटवला की गावातून मिरवता येतो.

रिव्हॉल्व्हरची गोम नेमकी इथं आहे. नियम सांगतात की सार्वजनिक जागी ते न्यायचं तर म्यानात घालून, पूर्ण झाकून. उगारायचं नाही. लग्नाच्या वरातीत आनंदानं हवेत बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हातात धरून फोटो काढला, रील केली, की दुसऱ्या दिवशी पोलीस दारात, आणि मग त्या पोराचा हात जोडलेला दुसरा व्हिडिओ. थोडक्यात, ही जगातली एकमेव वस्तू असेल जी माणूस मिरवायला घेतो आणि सरकार लपवायच्या अटीवर देतं. दाजी 'कुणाला पत्ता न्हाई' म्हणाले ते ह्याच्यामुळं. आणि आता त्या न दिसणाऱ्या वस्तूवर नक्षी काढायची की नाही, ह्यावर आम्ही तिघं-चौघं पेढ्यांच्या वासात गंभीर चेहऱ्यानं बसलो होतो.

भाच्यानं यादी वाचली. एक, प्लॅस्टिकची मूठ काढून शिसवी मूठ. दोन, चाप आतून घासून नरम करून घेणं. तीन, काळा रंग उतरवून चंदेरी मुलामा. चार, नळीवर दाजींचं नाव. पाच, कोल्हापुरी कातड्याचं म्यान. पुण्यातल्या एका दुकानात तो दाजींबरोबर जाऊन आला होता. तिथले मालक आकडा तोंडानं सांगत नाहीत. कॅल्क्युलेटरवर मारतात आणि तो आपल्याकडं फिरवतात. दाजींनी आकडा बघितला, कॅल्क्युलेटर उलटा धरलाय का ते तपासलं आणि चहा न घेता उठले.

"एवढ्यात नवीन येईल की," मी म्हणालो.

"येतंय ना," भाचा म्हणाला. त्यानं 'निर्भीक'चं नाव काढलं. कानपूरच्याच सरकारी कारखान्यानं 2014 साली बायकांसाठी म्हणून काढलेलं बत्तीसचंच हलकं रिव्हॉल्व्हर. वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत 1 लाख 22 हजार 360 रुपये, आणि येतं दागिन्यासारख्या मरून डबीत. पर्समध्ये मावावं अशी योजना. आक्कानं तिथल्या तिथं पर्स आणली आणि खाटेवर उपडी केली. किल्ल्यांचा जुडगा, बीपीच्या गोळ्या, आवळासुपारी, बचत गटाचं पासबुक, तीन सेफ्टी पिना, महागणपतीचा अंगारा, नातीचा एक मोजा. "ह्यात अर्धा किलो कुठं घालू?" ती म्हणाली. "आन् चोर आला तर आधी ह्ये सगळं काढंस्तवर त्यो थांबंल का?" निर्भीकचा विषय तिथंच संपला. डबी मात्र तिला आवडली असती असं नंतर म्हणाली.

भाच्याचा मुख्य आधार अमेरिका. तिकडं जड रिव्हॉल्व्हर ही काही लोकांची उपासनाच आहे. क्लिंट ईस्टवुडनं 1971 च्या 'डर्टी हॅरी'त स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 29 हातात धरलं आणि त्या चव्वेचाळीस मॅग्नमला अशी मागणी आली की दुकानांत मिळेना. तिकडं असे कारागीर आहेत की रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडं टाकून लोक वर्ष-वर्ष वाट बघतात, आणि मजुरी मूळ मालाच्या वर जाते. पण त्यांच्या जडपणाला कारण आहे. एवढ्या दारूचं काडतूस फुटलं की हाताला बसणारा दणका शस्त्राच्या वजनात जिरतो, आणि डोंगरात अस्वल समोर आलं तर दणकट काडतूस लागतं. दाजींचं बत्तीसचं काडतूस त्या मानानं सोशीक जातीचं. त्याला सातशे ग्रॅम म्हणजे मांजराला साखळदंड. रांजणगावात अस्वलही नाही. एक दिसलं होतं, ते जत्रेत.

मग भाच्यानं जनरल पॅटनचा फोटो दाखवला. ह्या गृहस्थानं 1916 साली कोल्टचं पंचेचाळीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं, त्याला हस्तिदंती मूठ बसवली, मुठीवर आपल्या नावाची अक्षरं कोरली आणि दुसऱ्या महायुद्धात ते कमरेला उघडं लटकावून जगभर हिंडला. दाजींनी तो फोटो बराच वेळ बघितला. त्यांच्या डोळ्यांत मला प्रथमच थोडी कविता दिसली.

"हस्तिदंत मिळंल का?"

"जेलमध्ये," मी म्हणालो. "हत्तीही त्याच बिबट्याच्या कायद्यात आहे."

"सांबरशिंग?"

"तेही."

"मंग बैलाचं?"

आक्का आतून म्हणाली, "सर्ज्या अजून जित्ता हाय."

ह्या टप्प्याला शेजारचे फौजी काका आले. शिरूर तालुक्यात गावोगाव असे एक-दोन फौजी काका असतातच. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी पहाटे पाचला उठतात आणि इतरांनी उठावं अशी अपेक्षा धरतात. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, तोंड भिंतीकडं करून मोडून बघितलं, चक्रीच्या सहाही घरांतून पलीकडचा उजेड पाहिला आणि मगच खाली बसले. खाटेवर काडतुसं ओळीत दिसत असूनही त्यांनी हे केलं. मला हे फार आवडलं. आम्ही सगळे दोन तास ते हाताळत होतो, पण चक्रीतून उजेड कुणी बघितला नव्हता.

"चाप नरम कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

"हाताला सोपं जातं," भाचा म्हणाला.

"कुणाच्या हाताला? ज्याचा रोज चालतो त्याच्या. मालक, तुमचा शेवटचा कधी चालला?"

दाजींनी सांगितलं. प्रशिक्षणाच्या दाखल्याच्या दिवशी. दहा गोळ्या. नऊ मागच्या मातीत आणि एक शेजारच्या माणसाच्या टार्गेटवर. त्या माणसाच्या दाखल्यात ती मोजली गेली.

काकांनी मग आतली गोष्ट समजावली, आणि सबंध बैठकीत कामाचं बोलणं एवढंच झालं. असल्या रिव्हॉल्व्हरचा चाप एका ओढीत दोन कामं करतो. चक्री एक घर पुढं फिरवतो आणि घोडा मागं ओढून सोडतो. ह्यासाठी आत जाड स्प्रिंग असते. ती कुणीतरी हौसेनं हलकी केली तर चाप लोण्यासारखा होतो खरा, पण घोडा काडतुसाच्या बुडावर धड आपटत नाही. वेळेला आवाज येतो 'टिक', आणि चोर विचारतो, काय झालं? म्हणून हे काम परवाना असलेल्या कारागिरानंच करायचं. 1959 चा कायदाही तेच सांगतो, की दुरुस्ती-बदल करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. नळी छाटायची तर वेगळा परवाना. नळीवर नाव कोरताना कारखान्याच्या नंबराला धक्का लागला तर तो वेगळाच गुन्हा. "नाव घालायचंच आसंल तर नंबरप्लेटवर घाला," काका म्हणाले. स्कॉर्पिओच्या नंबरप्लेटवर ते आधीच आहे, आणि त्याचा दंड भरून झालाय, हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

"मालक, ह्या पैशाची काडतुसं घ्या, रीतसर रेंजवर जा, झाडा," असं म्हणून काका उठले. सल्ला उत्तम होता. पण एका काडतुसाच्या पैशात रांजणगावात दोघांचा नाश्ता होतो, आणि मातीत घालायला दाजींना बाजरीसुद्धा जड जाते.

इतकं होऊनही मुलाम्याची आशा दाजींनी सोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही शिरूरला त्यांच्या सोनाराकडं गेलो. रिव्हॉल्व्हर घरी कुलपात, खिशात फक्त फोटो. सोनार तीन पिढ्यांचे. दाजींच्या आईच्या पाटल्या, आक्काचं गंठण, ती पाच तोळ्यांची साखळी, सगळं ह्याच पेढीवरचं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन फोटो बघितला.

"चांदीचा मुलामा?"

"सोन्याचा किती पडंल तेबी सांगा."

सोनारांनी आधी हे स्पष्ट केलं की असली वस्तू ते भट्टीच्या आसपास येऊ देणार नाहीत, जन्मात नाही. परवाना आपल्याला दागिन्याचा आहे, ह्याचा नाही. मग मात्र माणूस धंद्याचा म्हणून त्यांनी हिशेब सांगितला.

"मालक, तुम्ही साखळी केली तेव्हा सोन्याचे पैसे दिले आणि घडणावळ दिली. उद्या साखळी मोडली तर मी सोन्याचे पैसे देतो. घडणावळ देतो का?"

"न्हाई."

"का नाही?"

"ती तुमची मजुरी हुती."

"माझी मजुरी आणि तुमची हौस. हौस मोडीत येत नाही. बरं, साखळीत निदान सोनं तरी आहे. ह्यात काय आहे? लोखंड. वर ते कुणालाही विकता येणार नाही. घेणाराही परवानेवालाच पाहिजे, वर सरकारची परवानगी. आणि तो परवानेवाला तुमचं नाव कोरलेलं रिव्हॉल्व्हर कशाला घेईल? त्याचं नाव तुमचं नाही."

मी साहित्याचा विद्यार्थी, मला एवढं नीट सांगता आलं नसतं. आपण जन्मभर ज्या ज्या गोष्टींवर पैसे घातले, त्यातलं सोनं किती आणि घडणावळ किती, असा विचार मी त्या पेढीवर बसून करायला लागलो. घरातली पुस्तकं आठवली, त्यांना घातलेली कव्हरं आठवली, आणि विचार थांबवला.

दाजींनी शेवटचा डाव टाकला. "पण जुनी विलायती रिव्हॉल्व्हरं लाखांनी जात्यात म्हंत्यात." हे खरं आहे. ऐंशीच्या दशकापासून साध्या माणसाला बाहेरून शस्त्र आणण्याची वाट जवळजवळ बंद झाली, त्यामुळं आत राहिलेल्या जुन्या विलायती मालाला भाव चढला. आता तर वेब्ली कंपनीनंच उत्तर प्रदेशात हरदोईला कारखाना काढलाय. विलायतच इकडं राहायला आली. सोनार म्हणाले, "जुन्याला भाव आहे तो जुनं तसंच ठेवलं म्हणून. जुन्या पुतळीला कुणी पॉलिश करून आणली तर मी चार पैसे कमीच देतो." दाजींनी फोटो खिशात घातला. येताना त्यांनी आक्कासाठी चांदीची कुंकवाची कोयरी घेतली. घडणावळ न विचारता.

संध्याकाळी महागणपतीला गेलो. पूर्वाभिमुख मंदिर, दारात जय-विजय, आणि दर्शनाला रांग. ह्या जागेची कथा अशी, की त्रिपुरासुराशी लढायला निघालेल्या शंकरानं आधी गणपतीला वंदन केलं नव्हतं म्हणून यश येईना. ते केलं, आणि मग एकाच बाणात तिन्ही पुरं पडली. बाणावर नक्षी होती का, ह्याचा उल्लेख कुठं नाही. लोकांची आणखी एक श्रद्धा आहे. समोर दिसते ती पूजेची मूर्ती, पण खरी मूर्ती, दहा सोंडा आणि वीस हातांची, 'महोत्कट' नावाची, खाली तळघरात आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी गाभाऱ्याखाली तळघर करवलं ते त्यासाठीच, असं सांगतात. रांगेत दाजी माझ्या पुढं होते. साखळी सदऱ्याच्या आत, कंबर मोकळी. "वीस हात," ते मागं वळून म्हणाले, "आन् खाली कोंडून ठिवल्यालं." पुढं काही बोलले नाहीत. रांग सरकली.

ह्यानंतर काही महिने विषय निघाला नाही. मुलाम्याचे पैसे कुठं गेले ते मला पोळ्याला कळलं. सर्जा-राजाच्या अंगावर गावात कुणाच्या बैलांना नव्हत्या अशा झुली होत्या, भरजरी, आरसे लावलेल्या, आणि दोन्हींवर दाजींचं नाव, लांबून वाचता येईल एवढं. मिरवणूक मंदिरापासून वेशीपर्यंत गेली आणि परत आली. दाजी बैलांच्या पुढं चालत होते. इतके ताठ की कमरेला किलोभर काही असेल असं वाटावं. नव्हतं. ते कपाटात होतं.

रिव्हॉल्व्हरला कुणी हातच लावला नाही असं मात्र नाही. ते 2024 साल होतं. लोकसभेच्या आचारसंहितेत दाजींचं रिव्हॉल्व्हर मार्चमध्ये ठाण्यात जमा झालं ते जूनमध्ये घरी आलं. दसरा 12 ऑक्टोबरला पडला. खंडेनवमीच्या पूजेला आक्कानं पाटावर सगळी शस्त्रं मांडली: उसाचा कोयता, विळी, खुरपी, ट्रॅक्टरची किल्ली, भाच्याचा लॅपटॉप, पेढ्यांचा काटा आणि रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर. फौजी काकांनी येऊन चक्रीतून उजेड बघितला तेव्हाच पूजा सुरू झाली. आक्कानं नव्या कोयरीतलं हळदकुंकू एकेकाला लावलं. कोयत्याला बोट, विळीला बोट, काट्याला बोट. रिव्हॉल्व्हरच्या मुठीला लावताना फुलांवर शिंपडलेलं पाणी ठिबकलं आणि कुंकू मुठीच्या खवल्याखवल्यांत उतरलं. दाजींनी संध्याकाळी जुन्या टूथब्रशनं घासलं. थोडं निघालं. बाकीचं आत जाऊन बसलं.

तीन दिवसांनी, 15 तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. जमा करायला मी दाजींबरोबर ठाण्यात गेलो होतो. हवालदारानं नंबर परवान्याशी ताडून बघितला, काडतुसं मोजली, मग मूठ खिडकीच्या उजेडात धरली.

"हे लाल काय आहे?"

"कुंकू हाय सायेब. पूजेचं."

"रक्त नाही ना?"

"न्हाई न्हाई. मिसेसनी लावलंय."

हवालदारानं थोडा विचार केला. उद्या परत देताना कुणी म्हणायला नको. त्यानं पावती लिहिली आणि आमच्याकडं फिरवली. एक नग रिव्हॉल्व्हर, बत्तीस बोअर, पुढं नंबर, आणि शेवटी, 'मुठीवर लाल रंगाचे नक्षीसारखे डाग.'

रिव्हॉल्व्हर निवडणुकीनंतर परत आलं आणि पुन्हा कपाटात गेलं. पावती दाजींनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलीय. येईल त्याला दाखवतात.